एकच उच्चार, वेगळं स्पेलिंग: इंग्रजीतला हा गोंधळ कसा सोडवायचा

इंग्रजीत मेल लिहिताना हात नेमका कुठे अडखळतो? अवघड, लांबलचक शब्दांवर क्वचितच. ते आपण शब्दकोशात बघून घेतो. अडखळतो तो 'देअर', 'इट्स', 'टू' अशा चिमुकल्या शब्दांवर. उच्चार ठाऊक असतो, अर्थ ठाऊक असतो, पण त्या उच्चाराची दोन-तीन स्पेलिंग्ज डोळ्यांपुढे येतात. स्पेलचेकर इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्यातलं प्रत्येक स्पेलिंग बरोबरच असतं. चुकतो तो शब्द, स्पेलिंग नव्हे. नवी व्याकरण तपासणारी साधनं यातल्या काही चुका पकडतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकावा इतकी ती भरवशाची नाहीत.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे अशा जोड्यांची लांबच लांब यादी पाठ करणं. माझ्या मते यानेच गोंधळ वाढतो. जोडी पाठ केली की जोडीच लक्षात राहते. कोणतं स्पेलिंग कोणत्या अर्थाचं, हे ऐन वेळी निसटतं. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारा: वाक्यात तुझं काम काय, आणि तुझ्या कुळातले बाकीचे शब्द कोणते? या दोन प्रश्नांत बहुतेक जोड्या सुटतात. कानाला मात्र विचारू नका. त्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

स्पेलिंगचे घोटाळे झाले कसे, हे थोडं कळलं तर पुढचं सोपं जातं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि इंग्रजी स्पेलिंग हळूहळू स्थिरावू लागलं. अडचण अशी की साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणात बदलत होते. उच्चार पुढे गेले, स्पेलिंग बरंचसं मागे राहिलं. 'मीट' म्हणजे भेटणं आणि 'मीट' म्हणजे मांस यांचे स्वर पूर्वी वेगवेगळे होते. म्हणून एकात दोन ई, दुसऱ्यात ई-ए. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा. म्हणजे आज निरर्थक वाटणारी मुकी अक्षरं बहुधा जुन्या उच्चाराच्या खुणा आहेत. सगळीच नव्हेत. 'संपूर्ण' या अर्थाच्या 'होल'मधला डब्ल्यू मागाहून चिकटलेला आहे.

आपल्याकडे दिन-दीन, सुत-सूत अशा जोड्या आहेतच. पण त्यात फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. इंग्रजीत शब्दाचा अख्खा सांगाडाच बदलतो, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच तो ओळखणं सोपं होतं.

पहिली पायरी: स्वतःच्या चुका गोळा करा

तयार यादी घेऊ नका. स्वतः पाठवलेले जुने मेल, अहवाल, अर्ज उघडा आणि 'इट्स', 'युअर', 'देअर', 'इफेक्ट', 'प्रिन्सिपल' हे शब्द शोधसुविधा वापरून एकेक करून तपासा. सगळ्या स्पेलिंग्जनी शोधा. आपण मोजक्याच जोड्यांत अडकतो आणि त्याच पुन्हा पुन्हा चुकवतो, असं बहुतेकांना दिसेल. बाकीच्या जोड्यांवर वेळ घालवायची गरज नाही.

सापडलेल्या शब्दांचे चार ढीग करा. पहिला ॲपॉस्ट्रॉफीचा. दुसरा, जिथे एका अक्षराने नामाचं क्रियापद होतं त्यांचा. तिसरा, अर्थाने एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांचा. चौथा, जे मुळात समोच्चारी नाहीतच पण आपल्या जिभेवर सारखे होतात त्यांचा. प्रत्येक ढिगाचा इलाज वेगळा आहे. सगळ्यांना एकच युक्ती लावायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

दुसरी पायरी: ॲपॉस्ट्रॉफी फोडून वाचा

ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे इथे काहीतरी गाळलं आहे अशी खूण. गाळलेलं परत घालून वाक्य वाचा. 'द कंपनी चेंज्ड इट्स पॉलिसी' हे घ्या. 'इट्स' फोडून 'इट इज पॉलिसी' किंवा 'इट हॅज पॉलिसी' केलं तर वाक्य कोसळतं. म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी नको, आय-टी-एस, सलग. आता 'इट्स बीन अ लाँग डे' बघा. 'इट इज बीन' चालत नाही, पण 'इट हॅज बीन' चपखल बसतं. म्हणून इथे ॲपॉस्ट्रॉफी हवा. फक्त 'इज' घालून पाहणारे इथे फसतात. 'हॅज'सुद्धा घालून पाहा.

ही चूक होण्यामागे तर्क आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. नामाला मालकी दाखवायची असेल तर ॲपॉस्ट्रॉफी आणि एस लागतो, मग 'इट'ला का नाही? कारण 'इट' सर्वनाम आहे. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स', 'हूज' या मालकी दाखवणाऱ्या सर्वनामांत ॲपॉस्ट्रॉफी कधीच येत नाही. 'हिज'मध्ये तो घालावा असं कोणाच्या मनातही येत नाही. 'इट्स' त्याच रांगेतला आहे.

'युअर' आणि 'हूज' यांनाही हीच कसोटी. 'यू आर' बसलं तर ॲपॉस्ट्रॉफीवालं रूप, नाहीतर वाय-ओ-यू-आर. 'हू इज' किंवा 'हू हॅज' बसलं तर ॲपॉस्ट्रॉफी, नाहीतर डब्ल्यू-एच-ओ-एस-ई.

'देअर' तीन आहेत. 'दे आर' फोडून बसलं की पहिला निकालात निघतो. जागा दाखवणारा 'देअर' टी-एच-ई-आर-ई. त्यात 'हिअर' म्हणजे 'इथे' हा शब्द जसाच्या तसा लपलेला आहे, आणि 'व्हेअर'मध्येही तोच. इथे, तिथे, कुठे: तिघांच्या पोटी एच-ई-आर-ई. त्यांचा, त्यांची, त्यांचं या अर्थाचा 'देअर' टी-एच-ई-आय-आर; त्यात 'एअर' म्हणजे वारस हा शब्द आहे, आणि वारस म्हटलं की मालकी आलीच. तिन्हींची सुरुवात टी-एच-ई अशीच होते. टी-एच-नंतर आय लिहिला गेला असेल तर ते स्पेलिंग कोणत्याही अर्थाने चूक.

ऐकणं या अर्थाचा 'हिअर' एच-ई-ए-आर. त्यात कान आहे: ई-ए-आर.

तिसरी पायरी: नाम की क्रियापद, ते आधी ठरवा

इथे हाताशी एक किल्ली ठेवा: 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज'. सल्ला हे नाम, त्यात सी. सल्ला देणं हे क्रियापद, त्यात एस. यांचा उच्चार वेगळा आहे, त्यामुळे कान इथे साथ देतो. 'डिव्हाइस' म्हणजे उपकरण आणि 'डिव्हाइज' म्हणजे योजणं, यांचंही तसंच. आता ब्रिटिश इंग्रजीतला 'प्रॅक्टिस' घ्या. नाम आणि क्रियापद दोन्हींचा उच्चार एक. मनात त्याच्या जागी सल्ला ठेवा. 'ॲडव्हाइस' बसला तर सी, 'ॲडव्हाइज' बसला तर एस. 'लायसन्स'लाही हेच लागू. अमेरिकन इंग्रजीत हा त्रास नाही: 'प्रॅक्टिस' नेहमी सीने, 'लायसन्स' नेहमी एसने. 'ॲडव्हाइस' आणि 'डिव्हाइस'चा भेद मात्र दोन्हीकडे पाळतात.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ही सगळ्यांत चिवट जोडी, म्हणून जरा थांबू. सर्वसाधारण नियम असा: ए-वाला क्रियापद, परिणाम करणं, ई-वाला नाम, परिणाम. ओळखायचं कसं? शब्दाच्या आधी 'द' किंवा 'ॲन' आहे का, किंवा घालता येतो का, ते पाहा. येत असेल तर ई. शब्दाला ई-डी किंवा आय-एन-जी लागत असेल तर जवळजवळ नेहमीच ए. 'द रेन अफेक्टेड द मॅच' इथे ए. 'द रेन हॅड नो इफेक्ट' इथे ई.

जवळजवळ म्हणायचं कारण असं की दोन अपवाद खरोखर भेटतात. ई-वालं क्रियापदही आहे. त्याचा अर्थ घडवून आणणं. 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं. तिथे ए घातला तर अर्थ होईल बदलावर परिणाम करणं, आणि करारासारख्या कागदात हा फरक महागात पडू शकतो. दुसरा अपवाद मानसशास्त्रातला: तिथे ए-वालं नाम आहे, चेहऱ्यावर आणि वागण्यात दिसणाऱ्या भावस्थितीसाठी. त्यात जोर पहिल्या अक्षरावर येतो. त्या क्षेत्रात नसाल तर तो विसरून जा.

'पास्ट'च्या दोन रूपांसाठी वाक्यातलं क्रियापद शोधा. 'शी वॉक्ड पास्ट द गेट' यात 'वॉक्ड' हे क्रियापद आधीच आहे. मग उरलेला शब्द पी-ए-एस-टी. 'शी पास्ट द एक्झाम' यात दुसरं क्रियापद नाही, आणि वाक्य भविष्यकाळात नेलं तर 'विल पास' होतं, म्हणून पी-ए-एस-एस-ई-डी. 'हॅज' किंवा 'हॅड' मागे असेल तर ते निव्वळ साहाय्यक, ते मोजू नका.

नेतृत्व केलं या अर्थाचा 'लेड' एल-ई-डी, तीनच अक्षरं. त्यात ए घुसवला जातो त्याला दोन कारणं. 'रीड'चा भूतकाळ 'रेड' असा उच्चारला जात असला तरी स्पेलिंग तेच राहतं, म्हणून 'लीड'चंही तसंच असेल असं वाटतं. शिवाय शिसं या धातूचं इंग्रजी नाव 'लेड' असंच उच्चारतात आणि त्यात ए आहे.

सलग की सुटं, हाही याच ढिगातला प्रश्न. 'एव्हरीडे' सलग लिहिला तर विशेषण, रोजचा, नेहमीचा. सुटा लिहिला तर दररोज. मध्ये 'सिंगल' घालून पाहा: 'एव्हरी सिंगल डे' चाललं तर सुटं. जाहिरातींच्या फलकांवर हे इतक्या वेळा चुकलेलं दिसतं की चुकीचं रूपच डोळ्यांना सरावाचं झालं आहे.

चौथी पायरी: कूळ विचारा

दोन शब्दांचा अर्थ अगदीच वेगळा असेल तर व्याकरण फार मदत करत नाही. इथे नातेवाईक शोधायचे. दोन या अर्थाच्या 'टू'मध्ये डब्ल्यू कशाला? 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन' या सगळ्यांत तो आहे आणि तिथे ऐकूही येतो. सुद्धा किंवा फार या अर्थाच्या 'टू'त ओ जास्तीचा, कारण अर्थच जास्तीचा.

'प्रिन्सिपल'साठी एक प्रसिद्ध युक्ती आहे: मुख्याध्यापक तुमचा 'पॅल', म्हणजे दोस्त, म्हणून शेवटी पी-ए-एल. ती अर्धवट आहे. कर्जाची मुद्दल कोणाची दोस्त? 'प्रमुख कारण' मधलं प्रमुख हे विशेषण कोणाचं? या दोन्हींनाही पी-ए-एलच लागतं. उलट बाजूने गेलात तर सोपं: एल-ई-वाला शब्द फक्त नाम आहे आणि अर्थ तत्त्व, नियम. त्याच्या जागी 'रूल' ठेवून पाहा. 'रूल'चा शेवटही एल-ई. 'रूल' बसला नाही की डोळे मिटून ए-एल.

लेखनसामग्रीची 'स्टेशनरी' ई-आर-वाय, कारण ती 'स्टेशनर'कडे मिळते, आणि 'पेपर', 'लेटर' यांचाही शेवट ई-आरच. स्थिर या अर्थाचा शब्द ए-आर-वाय. खरं तर दोघांचं मूळ एकच. मध्ययुगात फिरस्त्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर'.

पूरक या अर्थाच्या 'कॉम्प्लिमेंट'मध्ये दुसरा स्वर ई, कारण तो 'कम्प्लीट'च्या कुळातला. कौतुक असेल, किंवा पुस्तकाची मोफत प्रत असेल, तर आय. संकेतस्थळ, जागा या अर्थाचा 'साइट' एस-आय-टी-ई, 'सिच्युएशन'चा नातलग. संदर्भ देणं या अर्थाचा 'साइट' सीने, कारण 'सायटेशन'. दृष्टी या अर्थाचा मात्र जी-एच-वाला, 'लाइट'सारखा. प्रबंध लिहिणाऱ्यांनी मधला खास जपावा.

'काउन्सिल' म्हणजे परिषद, तिचा सदस्य 'काउन्सिलर' सीने. सल्ला देणारा 'काउन्सेलर' एसने, आणि सल्ला देण्याच्या 'ॲडव्हाइज'मध्येही एसच आहे. 'डिस्क्रीट' हा शब्द संयमी, गोपनीयता राखणारा या अर्थाने असेल तर दोन ई जवळजवळ. सुटे सुटे या अर्थाने असेल तर दोन ईंच्या मध्ये टी येतो आणि त्यांनाच सुटं करतो.

आता माझी आवडती जागा. नाटककाराला 'प्लेराइट' म्हणतात. तो लिहितो, तेव्हा शेवटी डब्ल्यू-आर-आय-टी-ई असणार असं कोणालाही वाटेल. नाही. तिथे डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी आहे, आणि त्याचा अर्थ घडवणारा, कारागीर. जहाजं बांधणारा 'शिपराइट', तसा नाटक घडवणारा 'प्लेराइट'. 'कॉपीराइट'मध्ये पुन्हा तिसराच: तो हक्क आहे, म्हणून आर-आय-जी-एच-टी. त्याचं भूतकाळी विशेषण 'कॉपीराइटेड' होतं, 'कॉपीरिटन' नव्हे. जाहिरातीचा मजकूर लिहिणारा 'कॉपीरायटर' मात्र लिहितोच, म्हणून डब्ल्यू-आर-आय-टी-ई-आर. नोकरीच्या अर्जात हे दोन एकमेकांच्या जागी आले तर वाचणाऱ्याच्या ते लगेच नजरेत येतं.

वाक्प्रचारांतले सापळे

ठरीव वाक्प्रचार आपण ऐकून शिकतो, त्यामुळे त्यांत चुकीचा शब्द घालणं सोपं जातं. 'बेअर विथ मी' म्हणजे जरा सांभाळून घ्या, धीर धरा. इथे सहन करण्याचा बी-ई-ए-आर हवा. बी-ए-आर-ई लिहिलात तर समोरच्याला आपल्यासोबत कपडे उतरवण्याचं आमंत्रण जातं. कार्यालयीन मेलमध्ये हे घडतं, आणि बहुतेकदा कोणी सांगतही नाही.

'फ्री रेन' म्हणजे मोकळीक; यात घोड्याचा लगाम आहे, आर-ई-आय-एन. राज्य करण्याचा जी-वाला 'रेन' अर्थाला जवळचा वाटतो, म्हणूनच फसवतो. 'टो द लाइन'मध्ये पायाचा अंगठा रेषेवर ठेवलेला आहे, टी-ओ-ई. ओढून नेण्याचा डब्ल्यू-वाला नाही. कागदपत्रांत डोकं खुपसून वाचणं हे 'पोअर ओव्हर', पी-ओ-आर-ई. ओतण्याचा यू-वाला वापरलात तर कागद भिजले. 'स्नीक पीक'मध्ये दोन ई, डोकावणं. शिखराचा 'पीक' ई-ए-ने. उत्सुकता चाळवणारा 'पीक' तर तिसराच, क्यू-यू-ई-ने संपणारा. 'व्हेट द ॲपेटाइट'मध्ये धार लावण्याचा एच-वाला शब्द आहे, ओलं करण्याचा नाही.

हे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वाक्प्रचारातलं चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा. लगाम, अंगठा, धार. स्पेलिंग त्या चित्राला बांधलेलं राहतं.

पाचवी पायरी: आपल्या जिभेने जुळवलेल्या जोड्या

व्ही-वाला 'व्हेट' आणि डब्ल्यू-वाला 'वेट', तसेच 'व्हाइन' आणि 'वाइन' हे इंग्रजीत समोच्चारी नाहीतच. मराठीत एकच व असल्याने आपण ते सारखे बोलतो. व्ही उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. डब्ल्यूला दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. हरवणं या अर्थाचा 'लूझ' एका ओचा आणि शेवटी झेडचा आवाज. सैल या अर्थाचा 'लूस' दोन ओंचा आणि शेवटी स. 'प्राइस' आणि 'प्राइझ' यांतही हाच स-झचा भेद. 'क्वाएट' म्हणजे शांत, त्यात दोन स्वर सुटे ऐकू येतात. 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी. हॉटेलातल्या खोल्यांचा 'स्वीट' एस-यू-आय-टी-ई लिहितात, आणि 'सूट' म्हणणारे मग लिहितानाही ई गाळतात. तुलनेचा 'दॅन' ए-ने, आणि मग या अर्थाचा 'देन' ई-ने. 'देन'चा ई 'व्हेन'मध्येही आहे, आणि दोन्ही वेळेचे शब्द आहेत.

या ढिगासाठी कुळं-बिळं शोधू नका. उच्चार दुरुस्त करा, स्पेलिंग आपोआप सुटतं. शब्दकोशाच्या ॲपमध्ये उच्चार ऐका आणि मोठ्याने म्हणा.

एक बारीक बाब उरते, ब्रिटिश आणि अमेरिकन रूपांची. ब्रिटिश 'चेक' बँकेचा असेल तर क्यू-यू-ई-ने संपतो. अमेरिकेत तपासणं आणि बँकेचा कागद दोन्ही एकाच स्पेलिंगने. इमारतीचा मजला ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ई घालून वेगळा दाखवतात, अमेरिकन तो गोष्टीसारखाच लिहितात. लांबीचा 'मीटर' ब्रिटिशांत आर-ई, मोजण्याचं यंत्र मात्र ई-आर. कोणतीही एक पद्धत निवडा आणि त्या मजकुरात शेवटपर्यंत तीच ठेवा.

तपासणी

लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहा, हा सल्ला एरवी उत्तम. इथे निरुपयोगी. मोठ्याने वाचलं की चूक आणि बरोबर सारखंच ऐकू येतं. मोबाइलला बोलून मजकूर लिहवून घेत असाल तर दुप्पट सावध राहा, कारण यंत्रालाही आधी आवाजच मिळतो आणि शब्द त्याला अंदाजाने निवडावा लागतो. त्याऐवजी पहिल्या पायरीतली तुमची स्वतःची यादी काढा, मजकुरात तो एकेक शब्द शोधा, आणि जिथे सापडेल तिथे त्याची कसोटी लावा. तुमचे ठरलेले पाच-सहा शब्द असतील तर छोट्या मेलला मिनिटभर पुरतं.

सराव करायचा असेल तर जोडीतला एकच शब्द आधी पक्का करा. आठवडाभर फक्त ई-वाला 'इफेक्ट' वापरून स्वतःच्या कामातली वाक्यं लिहा. तो हाताला बसल्यावरच दुसऱ्याकडे वळा. दोन्ही शब्द एकाच दिवशी, एकाच कागदावर शेजारी लिहून शिकलात तर ते डोक्यातही शेजारीच राहायला जातात.

आणि घाईच्या वेळी, कसोटी लावूनही शंका राहिलीच, तर वाक्य बदला. 'इफेक्ट' अडला तर 'रिझल्ट' लिहा. 'डिस्क्रीट' अडला तर एका अर्थी 'केअरफुल', दुसऱ्या अर्थी 'सेपरेट'. 'इट्स'चा ॲपॉस्ट्रॉफी अडला तर 'इट इज' पूर्ण लिहा. औपचारिक लेखनात तसंही तेच शोभतं. अडलेला शब्द स्वतःच्या यादीत टिपून ठेवा आणि मेल पाठवून द्या.